एका लहान ध्वनिमुद्रकाचा जीर्णोद्धार

शंभर वर्षांपूर्वी लिहिलेला कागद आज हाती आला, तर तो वाचण्यासाठी उजेड आणि डोळे एवढेच पुरेसे होतात. दप्तर मोडी लिपीतले असेल तर लिपी शिकून घ्यावी लागते. परंतु कागद आणि वाचक ह्यांच्यामध्ये तिसऱ्या कोणाची गरज पडत नाही. आवाजाची गोष्ट निराळी आहे. चुंबकीय फितीवर उतरलेला आवाज भिंगातून पाहिला तरी दिसत नाही. हाती येते ती एक तपकिरी रंगाची, पाव इंच रुंदीची निर्विकार पट्टी. तिला बोलते करावयाचे तर यंत्र लागते, आणि ते यंत्र ज्या वेगाने फिरेल त्यावर आतला माणूस ओळखू येईल की नाही हे अवलंबून असते. हे मी पुस्तकात कधीच वाचले होते. पटले मात्र गेल्या दोन वर्षांत, वडिलांच्या लोखंडी ट्रंकेतून निघालेला एक लहान ध्वनिमुद्रक पुन्हा चालू करण्याच्या खटाटोपात.

हा ध्वनिमुद्रक म्युनिकच्या ऊहर कारखान्याचा. ह्या कारखान्याने १९६१ साली ‘४००० रिपोर्ट’ नावाचे यंत्र बाजारात आणले आणि पुढे त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या काढल्या. आमचे यंत्र त्या घराण्यातले. चामडी पिशवीत घालून खांद्याला अडकवावे, टॉर्चचे मोठे पाच सेल भरावे आणि चालू लागावे, अशी ही योजना. सेलांवाचून वजन सुमारे तीन किलो. आजच्या श्रोत्याला ह्यात ‘लहान’ काय आहे असे वाटेल. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पण त्याआधी हे यंत्र आमच्या घरी कसे आले ते सांगतो. ओडिशातील राउरकेला येथील पोलादाचा कारखाना पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने उभा राहिला आणि त्या निमित्ताने कित्येक जर्मन अभियंते तेथे सहकुटुंब राहत होते. माझे वडील तेथे नोकरीस लागले तेव्हा ह्या मंडळींची परतीची वेळ आली होती. मायदेशी जाणारे लोक सामान विकून टाकीत. त्यांतल्या एका गृहस्थांकडून वडिलांनी १९७० साली हे यंत्र चार कोऱ्या स्पुलांसह घेतले. दोन महिन्यांचा पगार त्यात गेला, आणि आजीने त्याबद्दल त्यांना जे ऐकवले तेही, वडील म्हणतात, त्याच यंत्रावर उतरून घ्यावयास हवे होते.

आजी तेव्हा सातारा जिल्ह्यातले आपले गाव सोडून मुलाकडे राहावयास आली होती. परमुलुखात तिला बोलावयास फारसे कोणी नव्हते. दुपारी ती निवडण-टिपण करीत ओव्या म्हणे, आणि वडील यंत्र समोर ठेवीत. ट्रंकेत मला सहा स्पूल मिळाले. त्यांतल्या दोहोंवर वडिलांच्या अक्षरात लिहिले होते : ‘आई १’ आणि ‘आई २’. आजी १९७८ साली वारली. मी तिला पाहिलेले नाही.

आता ‘लहान’ ह्या शब्दाविषयी. आवाज चुंबकाने साठवण्याची पहिली यशस्वी खटपट डेन्मार्कच्या वाल्देमार पोउलसेन ह्यांनी १८९८ साली केली. त्यांनी फीत वापरली नाही. पोलादाची तार वापरली. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे यंत्र मांडलेले होते, आणि ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्त्स योसेफ ह्यांनी त्यापुढे उभे राहून दोन शब्द उच्चारले. ते शब्द डेन्मार्कमध्ये आजही जपून आहेत. चुंबकीय ध्वनिमुद्रणाचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना नमुना असा एका सम्राटाचा आहे, हे ध्यानात ठेवावे. कारण पुढची सारी कथा सम्राटापासून आजीपर्यंतच्या वाटचालीची आहे.

तारेची फीत झाली ती जर्मनीत. फ्रिट्झ फ्लॉयमर नावाचे एक अभियंते सिगारेटच्या टोकाच्या कागदावर धातूचा चमकदार पट्टा चढवण्याच्या कामात गुंतले होते. कागदावर धातूची पूड चिकटवता येते तर चुंबकीय पूड का चिकटवता येऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि १९२८ साली त्यांनी लोखंडाची पूड लावलेली कागदी फीत सिद्ध केली. तिचे हक्क ए.ई.जी. ह्या विद्युत्-यंत्रांच्या कंपनीने १९३२ साली घेतले; फीत बनवण्याचे काम लुडविग्सहाफेनच्या बास्फ कारखान्याकडे गेले; आणि १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ लोकांपुढे आला. त्यात खरखर फार होती. १९४० साली जर्मन नभोवाणीतल्या वाल्टर वेबर ह्यांच्या ध्यानात आले, आणि तेही एक प्रवर्धक बिघडून आपोआप आंदोलने देऊ लागल्यामुळे, की ध्वनीबरोबर कानाला न ऐकू येणारा उच्च कंपनांचा प्रवाह फितीवर सोडला तर खरखर एकदम ओसरते. बिघाडातून शोध लागण्याचे हे उदाहरण मला विशेष आवडते. बिघाडाकडे इतक्या आदराने पाहणारा मनुष्य आमच्या कचेऱ्यांत क्वचित आढळतो.

महायुद्ध चालू असता इंग्लंडमध्ये असलेले अमेरिकन सैन्यातील जॅक मलिन हे रात्री उशिरा जर्मन रेडिओवरचे वाद्यवृंद ऐकत आणि चकित होत. मध्यरात्रीनंतर इतके वादक कोण जागवून ठेवतो? तबकडी म्हणावी तर खरखर नाही. १९४५ साली फ्रँकफर्टजवळच्या बाड नाउहाइम येथे त्यांना त्याचे उत्तर मिळाले. दोन मॅग्नेटोफोन आणि पन्नास स्पूल सुटे करून त्यांनी टपालाने घरी पाठवले. १९४६ साली सान फ्रान्सिस्कोत त्यांचे प्रात्यक्षिक केले. प्रसिद्ध गायक बिंग क्रॉस्बी ह्यांनी १९४७ पासून आपला रेडिओ-कार्यक्रम फितीवर घेणे सुरू केले. आणि १९४८ साली अँपेक्स कंपनीची अमेरिकन यंत्रे तयार झाली. हा इतिहास सर्वत्र सांगितला जातो, म्हणून मी तो भरभर आटोपतो. माझ्या दृष्टीने त्यातली मुख्य गोष्ट अशी की ही सारी यंत्रे कपाटाएवढी होती. ती जागेवरून हलत नसत. ज्याला आपला आवाज टिकवावयाचा त्याने यंत्राकडे जावयाचे. आता यंत्राकडे कोण जाईल? मंत्री जाईल, गवई जाईल, नट जाईल. जात्यावर बसलेली बाई जाणार नाही.

यंत्र माणसाकडे जाऊ लागले ते १९५०च्या दशकात. हॅनोव्हरमध्ये १९५१ साली ‘मिनिफोन’ नावाचे, कोटाच्या मोठ्या खिशात मावेल असे यंत्र निघाले. त्यात केसासारखी बारीक तार असे. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये स्टेफान कुडेल्स्की ह्या तरुणाने आपला पहिला ‘नाग्रा’ तयार केला. कुडेल्स्की मूळचे वॉर्साचे. १९३९ साली दहा वर्षांचे असताना कुटुंबासह पोलंडमधून पळाले आणि हंगेरी, फ्रान्स असे करीत स्वित्झर्लंडला पोचले. ‘नाग्रा’ हा शब्द त्यांनी आपल्या पोलिश मातृभाषेतून घेतला. त्याचा अर्थ ‘ध्वनिमुद्रण करील’ असा. वाक्यातले क्रियापद उचलून यंत्राला नाव देणारा हा एकच कारखानदार मला ठाऊक आहे. पहिल्या नाग्राला किल्ली द्यावी लागे, घड्याळाला देतात तशी. १९५८ साली ट्रान्झिस्टरवर चालणारा तिसरा नाग्रा आला आणि चित्रपटवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. पुढे १९७०च्या सुमारास त्यांनी ‘एस.एन.’ नावाचा जो इवलासा नमुना विक्रीस काढला, तो लांबीरुंदीने मध्यम आकाराच्या वहीएवढा, जाडीला जेमतेम अडीच सेंटीमीटर आणि वजनाला सहाशे ग्रॅमच्या आत होता. त्यात फीत मागे गुंडाळण्यासाठी मोटरही नाही. हाताने फिरवावयाचा घडीचा दांडा आहे. जागा वाचवण्यासाठी मनुष्याच्या बोटांनाच यंत्राचा भाग करून टाकावे, ही कल्पना मला मोठी शहाणपणाची वाटते.

लहान यंत्रांनी काय केले त्याची दोन उदाहरणे पुरेत. १९५७ साली इंग्लंडात जॉन ॲक्सन नावाचा आगगाडीचा चालक, ब्रेक निकामी झालेली मालगाडी शेवटपर्यंत न सोडता मरण पावला. बी.बी.सी.चे चार्ल्स पार्कर आणि गायक यूअन मॅकॉल ह्यांनी त्याच्यावर १९५८ साली एक रेडिओ-कार्यक्रम केला. रिवाज असा होता की कामगारांची बोलणी टिपून आणावयाची आणि ती नटांकडून वदवून घ्यावयाची. पार्कर मात्र ई.एम.आय. कंपनीचा लहान ध्वनिमुद्रक घेऊन रेल्वेच्या माणसांत जाऊन बसले होते, आणि फिती ऐकल्यावर दोघांच्या ध्यानात आले की हे बोलणे कोणत्याही नटाला साधणार नाही. कार्यक्रमात ते आवाज तसेच वापरले गेले. दुसरे उदाहरण पॅरिसचे. १९६० सालच्या उन्हाळ्यात झाँ रूश आणि एदगार मोरँ एक बोलपट घेत होते. त्यात मार्सलीन लोरिदाँ ही तरुणी खांद्याला नाग्रा अडकवून एकटीच रस्त्याने चालते आणि स्वतःशीच बोलते. तिला व तिच्या वडिलांना १९४४ साली नाझींनी छळछावणीत नेले होते. ती परत आली, वडील आले नाहीत. कॅमेरा दूर आहे, जवळ कोणी नाही, आणि ती वडिलांना उद्देशून बोलत राहते. समोर ध्वनिलेखक, दिव्यांचा झगमगाट आणि ‘आता बोला’ असा हुकूम असता तर ते शब्द बाहेर पडले असते असे मला वाटत नाही. यंत्राने आकार लहान केला, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनावरचे ओझे हलके झाले.

आपल्याकडेही हे घडले, परंतु फार उशिरा. गी पॉइतव्हॅ आणि हेमा राईरकर ह्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या बहुतेक कागदावर आहेत. प्रत्यक्ष आवाजात मुद्रित झालेल्या त्या मानाने थोड्या, आणि त्याही बहुतांशी १९९०च्या दशकातल्या. तोपर्यंत पिठाच्या गिरण्या येऊन कित्येक वर्षे लोटली होती. १९७० साली एखाद्या घरात आजी ओव्या म्हणत असताना ध्वनिमुद्रक चालू होता, हा योगायोग म्हणून मला क्षुल्लक वाटेना.

ह्या समजुतीने मी यंत्र टेबलावर ठेवले आणि पहिल्याच दिवशी एक घोडचूक केली. नवे सेल घातले, कळ दाबली, चाके फिरली. सुमारे चाळीस वर्षे झोपलेले यंत्र फिरले ह्याचा मला इतका आनंद झाला की हाताला लागलेला स्पूल चढवून मी ते तसेच चालू दिले. तो स्पूल ‘आई २’ होता. पाच-सहा सेकंद काहीतरी घोगरे ऐकू आले आणि मग आवाज थांबला. फितीला पुढे ओढणाऱ्या दांड्याला कॅप्स्टन म्हणतात, आणि तिला त्या दांड्यावर दाबून धरणारे एक रबरी चाक असते. ते रबर वयोमानाने पाघळून चिकट झाले होते. फीत त्याला चिकटून आत गुंडाळली गेली, आणि पलीकडचे चाक तिला ओढीतच राहिले. मी कळ बंद करीपर्यंत मीटरभर फीत ताणून दोऱ्यासारखी झाली होती. येथे एक विचित्र गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुन्या ॲसिटेटच्या फिती ठिसूळ, त्या पटकन तुटतात. पण तुटतात त्या सरळ, आणि टोकाला टोक जोडले की एक अक्षरही जात नाही. त्यानंतरच्या पॉलिएस्टरच्या फिती मजबूत; त्या तुटत नाहीत, ताणल्या जातात, आणि ताणलेला भाग कायमचा जातो. ‘आई २’ ही वडिलांनी मागाहून विकत घेतलेली पॉलिएस्टरची फीत होती. वेग सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर; म्हणजे मीटरभर फितीत दहा-अकरा सेकंद. एक ओवी. ही गोष्ट मी वडिलांना सांगितली नाही.

त्यानंतर मी शहाणा झालो आणि यंत्राला हात लावण्यापूर्वी माणूस शोधला. दिल्लीत आमच्या ओळखीचे एक निवृत्त ध्वनिअभियंता आहेत. मूळचे नागपूरचे, वय पंच्याऐंशीच्या घरात. त्यांना मी काका म्हणतो. त्यांनी यंत्राचे झाकण उघडले, काही वेळ नुसते पाहिले आणि विचारले, “तुम्हांला हे दिसायला नवं करायचं आहे की चालायला?” प्रश्न मर्मावर होता. जुन्या वस्तूंचा शौक असलेल्या पुष्कळांच्या घरी बाहेरून आरशासारखी चकाकणारी आणि आतून मेलेली यंत्रे मी पाहिली आहेत. मी म्हणालो, “चालायला.” “मग घाई करायची नाही,” काका म्हणाले.

घाई खरोखरच करता आली नाही. सेलांच्या खोबणीत जुन्या सेलांतून झिरपलेल्या द्रव्याची पांढरी-हिरवी पुटे चढली होती. ती सोड्याच्या पाण्याने भिजवून कापसाच्या काडीने काढण्यात दोन संध्याकाळ गेल्या. ग्रीज म्हणून जे काही होते त्याचे मेण झाले होते. प्रत्येक चाक आसावरून उतरवून, स्पिरिटने पुसून, आसाच्या तोंडाशी एक थेंब तेल, दुसरा नाही. “जास्त तेल म्हणजे रबराचं मरण,” काका बजावीत. मोटरची गती चाकापर्यंत पोचवणारे पट्टे सैल पडले होते. तसे पट्टे परदेशात अजून कोणी कोणी करून विकतात, ते मागवले. दाबचाकाचे रबर काढून नवे चढवून घेतले. नवे रबर नेमके गोल नसेल तर प्रत्येक फेऱ्याला सुराला हिसका बसतो, म्हणून पहिले परत पाठवून दुसरे मागवावे लागले. रासायनिक कंडेन्सर कोरडे पडले होते, ते बदलले. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांना मात्र काकांनी हात लावू दिला नाही. जे चालते आहे ते नवे करण्याचा मोह हा दुरुस्ती करणाराचा सर्वांत मोठा शत्रू आहे, असे त्यांचे मत. प्रशासनात वीस वर्षे काढल्यावर मलाही ते पटू लागले आहे.

मग हेडची पाळी. फीत ज्या धातूच्या तुकड्यावरून घासत जाते त्याच्यात केसाहून बारीक फट असते, आणि सारा आवाज त्या फटीतून येतो. ती फट फितीला काटकोनात नसली की उंच स्वर मावळतात आणि ‘श’, ‘स’ ही अक्षरे बोथट होतात. शिवाय वर्षानुवर्षे वापरलेला हेड स्वतःच किंचित चुंबक बनतो आणि वाचता वाचता फितीवरचे पुसू लागतो. आधी त्याचे चुंबकत्व काढले, मग काटकोन साधला. शेवटी ३,१५० कंपनांचा एकच नाद भरलेली चाचणी-फीत लावून वेग तपासला. काटा अचूक ठिकाणी स्थिर झाला. ह्या कामाला पाच महिने लागले होते.

फितींचीही परीक्षा झाली. १९७०नंतरच्या काही नामांकित फितींवरचा लेप हवेतले बाष्प शोषून चिकट होतो. अशा फिती सुमारे चोपन्न अंश उष्णतेत काही तास शेकल्या की थोडे दिवस वाजवण्याजोग्या होतात. ॲसिटेटला मात्र हा शेक विषासारखा. आमच्या सुदैवाने ह्यांतले काही करावे लागले नाही. ‘आई १’ ही त्या जर्मन गृहस्थांनी दिलेल्या चार स्पुलांतली, बास्फची पी.व्ही.सी.ची फीत होती, आणि ही जात काळाला चांगली पुरून उरते. तरी काकांनी ती लगेच वाजवू दिली नाही; आधी दोनतीनदा हलक्या हाताने पुढे-मागे गुंडाळून घ्यावयास लावली. फीत वर्षानुवर्षे गुंडाळून पडली की एका वेढ्याचा चुंबकीय ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो. त्यामुळे बोलणाराने तोंड उघडण्यापूर्वी दोनतीन सेकंद त्याच शब्दांची पुसट छाया ऐकू येते. गुंडाळण्याने ही छाया बरीचशी विरते, सगळी नाही. ‘आई १’ लावली तेव्हा प्रथम ऐकू आली ती छायाच : फार दुरून कोणी हाक मारल्यासारखी. मग आजी बोलली.

तिचा आवाज बारीक होता, किंचित धारदार, मुलीसारखा. मला तो फार आवडला. पुढच्या रविवारी मी वडिलांना बोलावून घेतले, खुर्चीत बसवले आणि स्पुलाचा शेवटचा, तिच्या ओव्यांचा भाग लावला. वडील आता ऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी मिनिटभर ऐकले, आणि म्हणाले, “ओव्या आईच्याच आहेत. पण ही आई नव्हे.”

मी त्यांना यंत्राचा अचूकपणा समजावून सांगू लागलो : चाचणी-फीत, ३,१५० कंपने, काट्याची स्थिरता. त्यांनी ऐकून घेतले. “असेल,” ते म्हणाले. “पण ही आई नव्हे.” पन्नास वर्षांत माणूस आवाज विसरतो, मी मनात म्हटले. काकांना फोन केला. ते म्हणाले, “यंत्र आज बरोबर चालतंय. पण त्या दिवशी ते बरोबर चालत होतं, हे तुम्हांला कोणी सांगितलं?”

उत्तर फितीवरच होते. घरात रेडिओ चालू असे, आणि ‘आई १’च्या शेवटाजवळ, आजी एक ओवी म्हणत असता मागे रेडिओवर तासाचा कालसंकेत होतो. आकाशवाणीच्या जुन्या श्रोत्यांना तो सांगावयास नको : बातम्यांपूर्वी ओळीने येणारे ते बारीक ‘टूं टूं’, प्रत्येक नाद मागच्यापासून बरोबर एका सेकंदाने. संगणकावर मी त्यांच्यामधले अंतर मोजले. ते एक सेकंद नव्हते. शतांश सत्त्याण्णवही नव्हते. पंच्याण्णव शतांश होते. सारे नाद, एकसारखे. म्हणजे त्या दुपारी यंत्र साडेनऊऐवजी सुमारे नऊ सेंटीमीटरच्या वेगाने चालले होते, आणि मी पाच महिने खपून अचूक केलेले यंत्र आजीला दर शंभर पावलांत पाच पावले अधिक चालवीत होते. सूर जवळजवळ पांढरी एकवरून काळी एकवर चढला होता. ऊहरमध्ये वेग सांभाळण्याची व्यवस्था आहे, पण सेल पार उतरले की तीही हतबल होते. वडिलांना विचारले तेव्हा ते हसले. सेल राउरकेल्यात महाग होते. उतरलेले सेल दिवसभर उन्हात तापवून ते पुन्हा भरीत असत.

मूळ फितीची जी पहिली प्रत संगणकावर उतरवली होती तिला मी हात लावला नाही. नस्तीतला मूळ कागद खोडावयाचा नसतो. जे म्हणावयाचे ते वेगळ्या टिपणीवर लिहावयाचे, ही आमच्या खात्यातली शिस्त येथे उपयोगी पडली. दुसऱ्या प्रतीवर वेग कमी केला. तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. कालसंकेत एकाच ठिकाणी आहे आणि सेल मुद्रण चालू असताना उतरत जातात. अर्थात स्पुलाच्या आरंभी यंत्र बरोबर असले पाहिजे, आणि मध्ये कोठेतरी हळूहळू मंदावले. त्या मधल्या चाळीस मिनिटांत मोजण्यासारखे काहीही नाही. तेथे एकच साधन उरले होते.

वडिलांना पुन्हा खुर्चीत बसवले. मी वेगाची खूण सरकवीत होतो आणि ते डोळे मिटून सांगत होते : “आणखी खाली. आणखी. नाही, फार झालं, थोडं वर घे.” अशा तीन रविवारी आम्ही ‘आई १’ पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांनी पुरी केली. शेवटच्या तुकड्यात कालसंकेताचे ठिकाण आले. तेथे वडिलांनी थांबवले तो वेग आणि मी गणिताने काढलेला वेग ह्यांत कानाला कळेल असा फरक नव्हता. हे मी त्यांना आधी सांगितले नव्हते. कालसंकेत झाला, बातम्या सुरू झाल्या, आणि आजी ओवी अर्धी टाकून म्हणाली, “पुरे आता बाळ, बातम्या लागल्या.” आवाज जाड होता, थकलेला, जरासा घोगरा.

“हां,” वडील म्हणाले. “ही आई.”

काही वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी विचारले, “उरलेली अर्धी ओवी तिनं बातम्या झाल्यावर म्हटली होती. मी नवा स्पूल लावला होता. ती लाव.”

ती ‘आई २’ची सुरुवात होती. तेथे काय झाले ते मी त्यांना तेव्हा सांगितले.